तांदळातले नाव, कागदावरचे नाव

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लग्नात ताटभर तांदळावर अंगठीने बायकोचे नवे नाव लिहितात. तांदूळ दुसऱ्या दिवशी डब्यात जातात. नाव मात्र तिला पुढे तीस वर्षे कचेऱ्यांत फिरवते. लग्नानंतर नाव बदलावेच, असा कोणताही कायदा आपल्या देशात नाही. पण न बदलणारी सासरच्यांना ‘अजून आपली’ वाटत नाही, म्हणून बहुतेक जणी बदलतात, तेही अर्धवट.

मग दहावीचे प्रमाणपत्र माहेरच्या नावाचे, आधार सासरच्या. जातीचा दाखला जन्मावरून, म्हणजे पुरावे पुन्हा वडिलांकडचे. पॅनकार्डावर वडिलांच्या नावाच्या जागी नवऱ्याचे नाव येतच नाही! आधार-पॅनमधली नावे जुळली नाहीत की जोडणी अडते, भविष्य निर्वाह निधीचा दावा परत येतो. सगळ्यात महाग पडते ती सातबाऱ्यावरची वारसनोंद. फेरफारात लेक माहेरच्या नावाने, आधारवर दुसरीच. ती आणि ही एकच, हे सिद्ध करण्यासाठी प्रतिज्ञापत्र करा. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. पण हेलपाट्यांना कंटाळलेल्या, त्यात ‘तू आता तिकडची’ हे ऐकलेल्या बाईकडून हक्कसोडपत्रावर सही घेणे भावांना सोपे जाते.

नाव बदलायचेच असेल तर क्रम पाळावा: आधी विवाह नोंदणी, मग आधार, त्यानंतर पॅन आणि बँक. आधारवरचे नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते, तेव्हा स्पेलिंग पावतीवरच तपासावे. आडनावासाठी विवाह प्रमाणपत्र पुरते. तांदळातले पहिले नाव घ्यायचे तर राजपत्रात प्रसिद्धी द्यावी लागते. हे लग्नाच्या बैठकीत कोणी सांगत नाही.

1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आधी आईचे, मग वडिलांचे नाव लावण्याचा निर्णय राज्याने घेतला, हे चांगलेच. पण त्याच निर्णयात विवाहितेच्या नावापुढे पतीचे नाव लावण्याची जुनी पद्धत कायम ठेवली; विवाहापूर्वीच्या नावाची मुभा फक्त मिळकतीच्या दस्तऐवजांत. लेकराला आईचे नाव लागले, आईच्या नावात तिची आई कुठेच नाही. ही मुभा निदान सर्व सरकारी अर्जांना लागू करावी, आणि ‘पतीचे नाव’ हा रकाना ऐच्छिक ठेवावा.

– एक निवृत्त महसूल कर्मचारी, सातारा