मित्राने सांगितलेले काम

महोदय,

एप्रिलअखेरीस आपल्या दैनिकाच्या ऑनलाइन आवृत्तीत माझ्या मित्राच्या निधनाची चार ओळींची बातमी वाचली. ‘निवृत्त शिक्षक’ एवढाच उल्लेख होता. जागा तेवढीच असते, त्याबद्दल तक्रार नाही. राहिलेले थोडे लिहावे म्हणून हे पत्र.

मार्चपासून मी इटलीतील उंब्रिया प्रदेशात, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, मुलीकडे मुक्कामाला आहे. माझा मित्र माणगावचा. त्याच तालुक्यातील पळसगावचे, ५ व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी याच खोऱ्यात, अवघ्या २२ व्या वर्षी, धारातीर्थी पडले. हाताखालचे सगळे जवान ठार वा जखमी झाल्यावर ते एकटेच मशीनगनच्या मोर्चावर धावून गेले आणि गोळ्या भरायला उसंत नव्हती म्हणून शेवटच्या दोघांना त्यांनी बंदुकीच्या दस्त्याने लोळवले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्यसन्मान मिळाला. थडगे मात्र कुठेच नाही, फक्त इटलीतल्याच कासिनोच्या युद्धस्मारकावर नाव आहे. माणगावातील त्यांच्या पुतळ्याला हार घालायला माझा मित्र दर वर्षी वर्गातली मुले घेऊन जात असे.

मी निघताना त्याने एकच काम सांगितले होते: येथील मोंतोने गावात २०२३ मध्ये घाडगे यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारले आहे, तेथे माझा नमस्कार पोचव. गाव गाडीने अर्ध्या तासावर. तरी मी आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिलो. खरे सांगायचे तर मला वसंताने भुलवले. आधी ऑलिव्हची छाटणी पाहण्यात दिवस गेले, मग भिंतीभिंतींवर विस्टेरियाचे जांभळे घोस लटकले, आणि मग बाजारात फावाच्या कोवळ्या शेंगा आल्या. त्या सोलून मेंढीच्या दुधाच्या चीजबरोबर कच्च्याच खातात, असे फोनवर सांगितले तेव्हा तो म्हणाला, “कच्च्या? अरे, मडके आणि भांबुर्ड्याचा पाला पाठवू का?” पोपटी, म्हणजे मडक्यात पाला घालून भाजलेल्या वालाच्या शेंगा, लावण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. ते आमचे शेवटचे बोलणे.

चार दिवसांनी पहाटे पाचला फोन आला. तिकडे साडेआठ वाजले होते. त्याच दुपारी शेजारच्या आजींनी अकेशियाच्या फुलांची भजी आणून दिली, आपल्या हादग्याच्या फुलांची करतात तशी. मी ती खाल्ली, मला आवडली, आणि आवडली याचीच लाज वाटली. येथे गावात कोणी गेले की काळ्या किनारीचा कागद भिंतीवर डकवतात. संध्याकाळी फिरताना त्या भिंतीशी मी उगाच थबकलो.

मोंतोनेला गेलो तो मेच्या मध्यावर. शेतांच्या कडा खसखशीच्या लाल फुलांनी भरल्या होत्या. घड्याळावरील लॅटिन वचनाचा अर्थ ‘आपण सारे एकाच सूर्याखाली’ असा आहे. माझ्या मनगटावर एक वाजून गेला होता, सूर्याच्या हिशेबाने मात्र जेमतेम बारा. मी दोनदा हात जोडले.

रोमहून फ्लॉरेन्सला मराठी प्रवाशांच्या इतक्या बस जातात. थोडी वाट वाकडी केली तर हे गाव येते, याची सहल कंपन्यांनी नोंद घ्यावी. मित्राच्या शाळेत फोटो पाठवले आहेत. १० जुलैला मुलांना पुतळ्याकडे कोण नेणार, हे विचारले आहे. उत्तर अजून आलेले नाही.

— आपला एक वाचक, मूळचा पेणचा, सध्या मुक्काम उंब्रिया