बोटीवर राहायला येण्याआधी

ब्रॉन्स्टन, नॉर्थॅम्प्टनशर
१२ ऑक्टोबर

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

तिकिटं झाली, आता नोव्हेंबरात तुम्ही आमच्या बोटीवर. बाबांनी विचारलेलं सगळं फोनवर सांगून होत नाही: पाणी कुठून येतं, संडासाचं काय करता, लोखंडी बोटीत थंडी कशी सोसता. शिवाय दिवसा आम्ही दोघंही कामावर असू आणि बोटीवर तुम्हीच असाल. म्हणून हे लांबलचक पत्र. दोघांनी एकदा नीट वाचा आणि येताना सोबत आणा.

दापोलीच्या घरात नळ सोडला की पाणी येतं आणि मोरीतून जातं, पुढचा विचार करावा लागत नाही. बोटीवर प्रत्येक गोष्ट संपणारी किंवा भरणारी आहे. पाण्याची टाकी, गॅसची बाटली, कोळशाचं पोतं, संडासाची कॅसेट, बॅटरी: यांतलं काय किती उरलंय याचं भान ज्याला असतं तो इथे सुखानं राहतो. आणि आपलं भान सुटलं तर जेटीवरच्या कोणाचं तरी त्यावर लक्ष असतं. मरीनातला, म्हणजे बोटी बांधून ठेवायच्या या तळावरचा, शेजार मला इतका मोलाचा वाटतो तो यामुळे.

आधी बोटीबद्दल. हिला नॅरोबोट म्हणतात. लांबी ५७ फूट, रुंदी फक्त ६ फूट १० इंच. इंग्लंडच्या जुन्या कालव्यांवरची बरीचशी लॉक जेमतेम सात फूट रुंद आहेत, त्यावरून हे माप ठरलं. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेलं कुंड. त्यात पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली नेतात. बोटीच्या तळाचा पत्रा १० मिलिमीटर, बाजूंचा ६, छताचा ४. सगळं धरून वजन सतरा-अठरा टन. आमच्या इथे ऑक्सफर्ड कालवा आणि ग्रँड युनियन कालवा एकमेकांना मिळतात. गावाला लागून सहा लॉक आहेत आणि त्यांच्या पुढे १७९६ साली खुला झालेला २,०४२ यार्डांचा बोगदा. ही सहा लॉक मात्र रुंद आहेत, दोन नॅरोबोटी शेजारी-शेजारी मावतात, म्हणून लोक जोडीनं जातात: पाणी निम्मं लागतं आणि दारं ढकलायला माणसंही दुप्पट मिळतात. एखाद्या रविवारी तिथवर चालत जाऊ. पूर्वी घोडे ज्या वाटेनं बोटी ओढत, तीच आता पायवाट आहे.

बोट हलते का? हर्णैच्या होडीसारखी नाही. इथे भरती-ओहोटी नाही, लाटा नाहीत, बोटीचा तळ सपाट आहे आणि आत फरशांचं वजन ठेवलेलं आहे. कोणी चढलं-उतरलं की किंचित झुकते, वारा असला की दोर ताणल्याचा आवाज येतो. पहाटे तळाशी टकटक ऐकू आली तर घाबरू नका. बदकं पत्र्यावरचं शेवाळ खातात.

पाण्याची टाकी पुढच्या टोकाला, नाळेत आहे, साधारण ५०० लिटरची. चौघांना बेतानं वापरलं तर चार दिवस. जेटीवरच्या नळाला फक्त पिण्याच्या पाण्याची निळी नळी लावायची. आधी मिनिटभर पाणी बाहेर सोडून नळी धुवायची, मग टाकीच्या तोंडात घालायची. टाकी रिकामी होत जाते तशी नाळ वर उठते. जेटीच्या फळीशी तुलना केली की पाणी किती उरलंय ते कळतं. आत १२ व्होल्टचा छोटा पंप आहे, नळ उघडला की गुरगुरतो. सगळे नळ बंद असताना तो मध्येच एकदा गुरगुरला तर कुठेतरी गळतंय. सतत चालू राहिला आणि नळातून हवाच येऊ लागली तर टाकी संपली. तेव्हा विजेच्या फळीवरचं पंपाचं बटण लगेच बंद करा, कोरडा चालला तर पंप जळतो. दंव पडायच्या आदल्या संध्याकाळी टाकी भरून ठेवतात, कारण सकाळी जेटीवरचा नळ गोठलेला असतो. अशा संध्याकाळी जेटीवर कोणीतरी आठवण करत फिरतं.

भांड्यांचं पाणी थेट बाहेर पडतं. म्हणून आई, कढईतलं तेल बेसिनमध्ये ओतायचं नाही. कागदानं पुसून कागद कचऱ्यात, मग भांडं धुवायचं. त्याच पाण्यात बदकं असतात.

वीज जेटीवरच्या खांबातून येते, १६ अँपिअरची. म्हणजे फार तर साडेतीन किलोवॉट. विजेची किटली आणि हीटर एकदम लावले की खांबातला खटका पडतो. एक बंद करा, खटका वर करा, झालं. केबल कधी काढावी लागली तर आधी खांबाकडचं टोक काढायचं, मग बोटीचं. लावताना आधी बोटीचं, शेवटी खांबाचं. उलट केलं तर हातात जिवंत विजेचं उघडं टोक राहतं, आणि खाली पाणी.

याच विजेमुळे आणखी एक गोष्ट होते, ती बाबांना आवडेल. मरीनातल्या सगळ्या बोटींची अर्थिंगची तार खांबांमार्फत एकमेकींना जोडलेली असते. वेगवेगळे धातू, मध्ये पाणी आणि बाहेरून तार: पूर्ण बॅटरीच तयार होते आणि एखाद्या बोटीचा पत्रा हळूहळू झिजतो. त्यावर उपाय म्हणून अर्थिंगच्या तारेत गॅल्व्हॅनिक आयसोलेटर बसवतात. तो हा बारीक प्रवाह अडवतो, पण खराखुरा बिघाड झाला तर वीज जमिनीत जाऊ देतो. शिवाय पत्र्याला बाहेरून मॅग्नेशियमचे ठोकळे जोडलेले असतात, ते आधी झिजतात आणि लोखंड वाचतं. गोड्या पाण्यात मॅग्नेशियम, समुद्रात जस्त. दर दोन-तीन वर्षांनी बोट पाण्याबाहेर काढून, जोरदार फवाऱ्यानं धुऊन तिला डांबरी रंगाचे हात देतात.

आता संडास. खालची टाकी सरकवून बाहेर काढता येते, तिलाच कॅसेट म्हणतात. वीसेक लिटरची. दोघांना तीन दिवस पुरते, चौघांना दीड. दिवा लाल झाला की ती भरली. त्यानंतर वापरायचा नाही. आमच्याकडे दोन कॅसेट आहेत, एक भरली की दुसरी सरकवायची. रिकामी करायची जागा धोबीखोलीच्या मागे आहे, एल्सन पॉइंट म्हणतात तिला. कॅसेटला चाकं आहेत, ओढत न्यायची. नळकांडं फिरवून टोपण काढायचं, ओतताना अंगठ्यानं हवेचं बटण दाबून धरायचं, नाहीतर गचके देत ओततं आणि अंगावर उडतं. तिथल्याच नळानं दोनदा विसळायची. तो नळ फक्त त्यासाठीच. पिण्याच्या पाण्याची नळी तिथे कधीही न्यायची नाही. मग थोडं पाणी आणि झाकणभर हिरवं द्रव घालायचं. निळं फॉर्मॅल्डिहाइडचं द्रव आमच्या मरीनात चालत नाही, कारण मैला जिवाणूंच्या टाकीत जातो आणि ते द्रव जिवाणू मारतं. ओले वाइप्स त्यात टाकू नका, अडकतात. धुण्याचं पाणी आपल्या सवयीचं आहे, पण लहान तांब्यानं वापरा. कॅसेट लवकर भरते ती बहुतेक वेळा पाण्यानंच. हे काम आम्हीच करू, तरी माहीत असावं.

ऊब कोळशाच्या शेगडीची, आणि इथे मी जरा जास्त लिहिते, कारण बोटीवर माणसाचा जीव फक्त बुडून नाही, तर धुरानंही जातो. बिडाची बंद शेगडी आहे, काचेचं दार, छतातून धुराडं. बिनधुराच्या कोळशाच्या वड्या जाळतो. कडक थंडीत २० किलोचं पोतं दोन-तीन दिवस जातं. सकाळी आधी खालची जाळी हलवून राख पाडायची, मग हवेची झडप उघडायची, निखारे लाल झाले की दोन फावडी कोळसा, पंधरा मिनिटांनी झडप पाऊण बंद. रात्री कोळसा भरून झडप अगदी थोडी उघडी ठेवायची, पूर्ण बंद कधीच नाही. हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नाही, रंग नाही. दाराभोवतीची दोरी झिजली किंवा धुराड्याच्या सांध्यातला सिमेंट तडकला तरी तो आत येतो. राख विझलेली दिसली तरी दिवसभर आत धुमसते. ती झाकणाच्या लोखंडी बादलीत, आणि बादली नेहमी बाहेर. खाली आणि छतावर हवेची भोकं आहेत, वारा लागतो म्हणून बोळा घालू नका. एक अलार्म शेगडीच्या खोलीत, एक झोपायच्या खोलीत आहे. तो वाजला तर कारण शोधत बसू नका. दारं उघडा, बाहेर पडा, शेजारच्या बोटीच्या छतावर थापा मारा. दिवसा पेंग येऊन डोकं दुखू लागलं तरी तेच करा.

गॅसची बाटली १३ किलोची, म्हणजे आपल्या १४.२ किलोच्या सिलिंडरपेक्षा थोडी लहान, पण आत निव्वळ प्रोपेन. ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपास वायू व्हायचं थांबतं, म्हणून थंडीत उपयोगाचं नाही. बाटल्या नाळेतल्या वेगळ्या कप्प्यात आहेत. गॅस हवेपेक्षा जड. गळला तर त्या कप्प्याच्या भोकांतून बाहेर पाण्यावर जातो. आत गळला तर मात्र बोटीच्या तळाशी साचतो आणि तिथून त्याला वाट नाही. वास आला की एकही बटण दाबू नका, कप्प्यातला नळ बंद करा आणि बाहेर या. बाटली बदलताना बाबा, लक्षात ठेवा, तिचे आटे उलटे आहेत: घड्याळाच्या दिशेनं फिरवलं की सैल होते.

पत्र्याची बोट म्हणजे आतून घाम येणारच. भात, कुकर, ओले टॉवेल, चौघांचा श्वास, ही सगळी वाफ खिडकीच्या थंड चौकटीवर उतरते. कुकर लावताना ओट्याजवळची बाजूची झडप उघडा. सकाळी चौकटी फडक्यानं पुसा. कपडे आत वाळत घालू नका, मरीनात टोकन टाकून चालणारी ड्रायर मशीन आहे. गादीखाली जाळीची लाकडी चौकट आहे, तिच्यावरून गादी खाली घेऊ नका, नाहीतर आठवड्यात बुरशी.

शेजाऱ्यांबद्दल. इथे जेटीवरून ठोठावता येईल असं दार नसतं, म्हणून बोलावताना छतावर टकटक करतात, आणि हाक येईपर्यंत दुसऱ्याच्या बोटीवर पाय ठेवत नाहीत. रात्री आठ ते सकाळी आठ इंजिन चालवत नाहीत. वाऱ्यात कोणी बोट आत आणत असेल तर हातातलं काम टाकून दोन-तीन माणसं जेटीवर येऊन दोर धरतात. बाबा, तुम्हीही जाल हे मला ठाऊक आहे. दोर घ्या, खुंटीला एक वेढा टाका आणि बोट सावकाश थांबू द्या. पण दोन बोटींच्या मध्ये हात किंवा पाय घालू नका. अठरा टन हातानं थांबत नाहीत. जास्त पाऊस झाला की कोणीतरी सगळ्या दोरांवर नजर टाकून जातं. थंडीत एकट्या माणसाच्या धुराड्यातून सकाळी धूर निघाला नाही तर शेजारी टकटक करतो. आमची एक किल्ली शेजारच्या बोटीवर असते, त्यांची आमच्याकडे. किल्ल्यांना बुचाचा गोळा बांधलेला आहे, पाण्यात पडली तरी तरंगते. कोळसा, गॅस आणि डिझेल विकणारी बोट येते तेव्हा घरी नसलेल्यांची पोती शेजारी उतरवून घेतात. फराळाचं येताना जरा जास्त आण, आई. चिवडा आणि शंकरपाळे जेटीच्या टोकापर्यंत जातील.

पाणी इथे खोल नाही, बहुतेक ठिकाणी उभं राहता येईल. धोका गारठ्याचा आहे; अंगाला झटका बसतो आणि पहिलं मिनिट श्वास आवरत नाही. म्हणून चढता-उतरताना एक हात कायम छताच्या कठड्यावर. हातात पिशवी असेल तर आधी ती ठेवा. दंव असेल तर जेटीच्या जाळी ठोकलेल्या भागावरूनच चाला. अंधारात एकट्यानं उतरायचं नाही. कालव्याच्या पाण्यात उंदरांमुळे लेप्टोची भीती आहे, मुंबईत पावसाळ्यात असते तशीच. हाताला चिरलेलं असेल तर पट्टी लावा आणि पाणी लागलं तर जेवणाआधी साबणानं हात धुवा.

मोठ्या चाकांच्या टणक बॅगा आणू नका, ठेवायला जागा नाही. घडी होणाऱ्या कापडी पिशव्या आणा. रबरी तळव्याचे बूट दोघांना. आतून घालायचे लोकरीचे कपडे, झोपताना पायमोजे. बाबांची रोजची औषधं हातातल्या पिशवीत वेगळी. कुकर इथे आहे, त्याची शिट्टी आणि गास्केट नवं आण, इथे त्या मापाचं मिळत नाही. विमान पोचायची वेळ लवकर कळवा, म्हणजे कोळशाच्या बोटीला दोन पोती जास्त सांगून ठेवते.

आजीला नमस्कार.

तुमची लेक