घोडीच्या नाकातून रक्त आलं म्हणजे गर्मीच का?

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. देवउठनी ग्यारस झाली की इंदुरात गल्लोगल्ली वराती निघतील आणि घोड्यांना उसंत मिळणार नाही, म्हणून आत्ताच लिहितोय.

घोडीच्या नाकातून रक्त आलं की आपल्याकडे सगळे एकच सांगतात, गर्मी चढली, डोक्यावर पाणी मारा, आणि तासाभरात तीच घोडी परत बँडच्या मागे उभी. अहो, पळून आल्यावर रक्त आलं तर ते बहुतेक फुफ्फुसातलं, पण ठाणावर शांत उभी असताना एकाच नाकपुडीतून आलं तर मामला वेगळा असू शकतो. घोड्याच्या कान आणि घशाच्या मधे हवेच्या दोन पिशव्या असतात, गटरल पाउच म्हणतात, एकेकीत 300 ते 500 मिली हवा मावते आणि मेंदूकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी तिच्या भिंतीला चिकटूनच जाते. तिथे बुरशी धरली की ती वाहिनी पोखरते. आधी थोडं रक्त येऊन थांबतं, मालकाला वाटतं बरी झाली, आणि काही दिवसांनी असं वाहतं की डॉक्टर पोचेपर्यंत जनावर गेलेलं. गिळण्याच्या नसा पण तिथूनच जातात, त्यामुळे चारा-पाणी नाकातून परत येत असेल तरी थांबू नका.

दुसरा प्रकार याच पिशवीत पू होण्याचा, तो बहुतेक स्ट्रँगल्स या घोड्यांच्या संसर्गजन्य आजारानंतर. ताप येतो, जबड्याखालची गाठ फुटते, घोडा बरा होतो. पण दहातला एखादा वरून ठणठणीत दिसतो आणि पिशवीत जंतू घेऊन महिनोन्‌महिने हिंडतो, आत पू वाळून खडे झालेले असतात. तिथे नुसतं पेनिसिलीन पुरत नाही, दुर्बीण घालून पिशवी धुवावी लागते. आणि आपल्याकडे सीझनमधे बाहेरगावच्या घोड्या येतात, सगळ्यांना बादली एक, तोबरेसुद्धा अदलाबदल!

महूचं वेटरनरी कॉलेज 1955 पासून इथून पंचवीसेक किलोमीटरवर आहे. नगर निगमने त्यांना बरोबर घेऊन सीझनआधी दुर्बिणीच्या तपासणीचा कँप लावावा, तोही फुकट, कारण घोडीवाल्याचा दिवस बुडाला तर भरपाई कोण देणार? नवीन आलेली घोडी निदान तीन आठवडे वेगळी बांधायला लावावी. आणि ऐनवेळी घोडी आजारी म्हणून दुसरी आणली तर वरपक्षानेही त्याचे पैसे कापू नयेत.

आपला,
एक वाचक, रामबाग, इंदूर