स्तनवर्धनाच्या शस्त्रक्रियेपूर्वी : मुलीस पत्र

पुणे

चि. मृण्मयीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. स्तनवर्धनाची शस्त्रक्रिया करून घ्यायचे तू जवळजवळ ठरवले आहेस आणि ‘करू का?’ असे न विचारता ‘काय काय माहीत असायला हवे?’ असे विचारले आहेस, हे मला आवडले. तू चोवीस वर्षांची आहेस, कमावती आहेस. परवानगी देणे वा नाकारणे हा आता माझा प्रांत नाही. पण ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर म्हणून नोकरी केलेल्या बाईला तू हे विचारते आहेस, तेव्हा उत्तरही तिथल्यासारखेच, आडपडदा न ठेवता देते.

शस्त्रक्रिया एक-दोन तासांची असते. इम्प्लांट, म्हणजे स्तनात बसवलेली कृत्रिम पिशवी, मात्र वर्षानुवर्षे सांभाळावे लागते. ह्यूस्टन येथे डॉ. क्रोनिन आणि डॉ. जेरो यांनी १९६२ साली पहिले सिलिकॉन इम्प्लांट बसवले. तेव्हापासून या वस्तूत पुष्कळ सुधारणा झाल्या, तरी ते जन्मभर टिकेल अशी हमी आजही कोणी देऊ शकत नाही. कोणाचे वीस वर्षे उत्तम राहते, तर कोणाला काही वर्षांतच पुन्हा टेबलावर यावे लागते. तुझ्या वयात बसवलेस तर आयुष्यात निदान एकदा तरी ते बदलावे किंवा काढावे लागेल, असे धरूनच चाल. ते काढल्यावर ताणलेली त्वचा पूर्ववत होईलच असे नाही. नुसत्या सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेचा खर्च आरोग्य विमा देत नाही; कर्करोग, अपघात किंवा भाजणे यांनंतरच्या पुनर्रचनेची गोष्ट वेगळी. म्हणून पहिल्या शस्त्रक्रियेचे पैसे भरण्याआधी दुसरीसाठी मुदतठेव करून ठेव. एवढे जमणार नसेल तर वर्षभर थांबलेले बरे, असे माझे स्पष्ट मत आहे.

कोणत्याही बाहेरच्या वस्तूभोवती शरीर आपले आवरण तयार करते, तसे ते इम्प्लांटभोवतीही करते. बहुतेकींच्या बाबतीत ते मऊ राहते. काहींच्या बाबतीत मात्र घट्ट होत जाते, स्तन कडक होतो, आकार बिघडतो, दुखूही लागते. पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे हे एक मोठे कारण आहे. दुसरे कारण फुटणे. सलाइन भरलेले इम्प्लांट फुटले तर स्तन लहान होतो आणि लगेच कळते. सिलिकॉन जेलचे फुटले तर बाहेरून काहीच न कळण्याचा संभव असतो, म्हणूनच अमेरिकेच्या एफडीएने (औषधे व वैद्यकीय साधनांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने) सिलिकॉन बसवल्यापासून पाच-सहा वर्षांनी आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी सोनोग्राफी किंवा एमआरआय करण्याचा सल्ला दिला आहे. त्याच एफडीएने केवळ स्तनवर्धनासाठी सलाइनला १८ आणि सिलिकॉनला २२ वर्षे ही किमान वयोमर्यादा ठेवली आहे. तुला ती आड येत नाही.

आता नीट लक्ष देऊन वाच. थिएटरमध्ये इम्प्लांटचे खोके उघडले की त्यातले छापील स्टिकर काढून केसपेपरवर चिकटवतात. त्यावर कंपनी, प्रकार, आकारमान आणि क्रमांक असतो. त्याची एक प्रत पेशंटची असते. ती मागून घे, तिचा फोटो काढ आणि मूळ प्रत पासपोर्टसोबत ठेव. एवढा आग्रह का, तेही सांगते. फ्रान्समधील पीआयपी ही कंपनी वैद्यकीय दर्जाच्या ऐवजी औद्योगिक सिलिकॉन भरत होती, हे २०१० मध्ये उघडकीस आले. पुढे तिच्या संस्थापकाला तुरुंगवासाची शिक्षा झाली, पण इम्प्लांट बसवलेल्या हजारो बायका जगभर धास्तावल्या होत्या. जुलै २०१९ मध्ये अ‍ॅलर्गन कंपनीने आपले बायोसेल नावाचे खरखरीत पृष्ठभागाचे इम्प्लांट जगभरातून परत घेतले, कारण इम्प्लांटभोवतीच्या आवरणात होणाऱ्या एका दुर्मीळ लिम्फोमाशी (एका प्रकारच्या कर्करोगाशी) त्याचा संबंध स्पष्ट दिसू लागला होता. अशी बातमी येते तेव्हा आपल्या छातीत नेमके काय आहे, हे ज्या बाईला ठाऊक असते तिचे अर्धे काम झालेले असते. हा लिम्फोमा मुख्यतः खरखरीत इम्प्लांटमध्ये आढळला आहे, तेव्हा गुळगुळीत पृष्ठभागाविषयी सर्जनशी बोल. आणि काही वर्षांनी एक बाजू अचानक सुजली, तर ‘उतरेल आपोआप’ म्हणून बसू नकोस.

अंगदुखी, थकवा, विसराळूपणा अशा तक्रारीही काही स्त्रिया इम्प्लांटनंतर सांगतात. त्याचे कारण अजून नक्की ठरलेले नाही, पण इम्प्लांट काढल्यावर बरे वाटल्याचे त्यांतल्या अनेकजणी सांगतात. त्यामुळे ‘मनाचे खेळ’ म्हणून ते झटकणारा डॉक्टर मला पसंत नाही.

डॉक्टरवरून आठवले. प्लास्टिक सर्जरीतील एमसीएच किंवा डीएनबी ही पदवी पाहा, राज्याच्या मेडिकल कौन्सिलमधील नोंदणी पाहा, आणि शस्त्रक्रिया पूर्ण सोयीच्या रुग्णालयात, स्वतंत्र भूलतज्ज्ञाच्या उपस्थितीत होणार का, ते विचार. पहिल्याच भेटीत सवलत देऊन आगाऊ रक्कम मागणाऱ्या ठिकाणाहून सरळ उठून ये. ‘हे तुम्हांला कशासाठी हवे आहे?’ असे विचारणारा सर्जन खवचट नसतो. तो आपले काम करत असतो. त्याला खरे उत्तर दे. ते कोणाच्या शेऱ्यापोटी असेल, तर आधी स्वतःशी खरे बोल.

आकाराची घाई करू नकोस. ३०० सीसी म्हणजे तुझ्या केकच्या मापाने सव्वा कप. दोन पातळ मोज्यांत प्रत्येकी तेवढे तांदूळ भर, ते जरा सैल ब्रामध्ये ठेव आणि दोन-तीन दिवस घरात वावर, जिने चढ, झोपून पाहा. तांदळाचे वजन थोडे कमी भरते, पण अंदाज येतो. खरी जोडी सहाशे ग्रॅमच्या आसपास असेल आणि ती उतरवून ठेवता येणार नाही. छेद स्तनाखालच्या घडीत, स्तनाग्राच्या कडेने किंवा काखेतून घेतात. इम्प्लांट दुधाच्या ग्रंथीखाली ठेवतात किंवा छातीच्या स्नायूखाली. पुढे बाळाला पाजायचे असेल तर ते आताच सांग, कारण कडेच्या छेदात दुधाच्या नलिकांना इजा होण्याची शक्यता अधिक असते. इम्प्लांट असतानाही बहुतेकींना पाजता येते, पण हमी नाही. स्तनाग्राची संवेदना कमी होऊ शकते, क्वचित कायमची.

शस्त्रक्रियेच्या आधी निदान चार आठवडे सिगारेट बंद. पार्टीतली एखादीसुद्धा नको, धुरामुळे जखम नीट भरत नाही. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, आयुर्वेदिक गोळ्या, जे काही घेतेस ते भूलतज्ज्ञाला सांग. त्यांपैकी काहींमुळे रक्त वाहण्याचा धोका वाढतो.

नंतरचे पहिले तीन-चार दिवस छातीवर पाटा आवळल्यासारखे वाटेल, स्नायूखाली इम्प्लांट असेल तर जास्तच. पलंगावरून उठताना हातावर भार देता येणार नाही. गुडघे वाकवून कुशीवर वळायचे आणि दुसऱ्याने पाठीला हात द्यायचा. वेणी घालणे, वरच्या फळीवरचा डबा काढणे, डोक्यावरून कुर्ता चढवणे हे काही दिवस विसर. पुढून बटणे असलेले शर्ट आणून ठेव. झोपायचे उताणे, डोके उंच ठेवून. सर्जिकल ब्रा सांगितले तितके दिवस रात्रंदिवस. वेदनाशामक गोळ्यांनी पोट साफ होत नाही, हे कोणी सांगत नाही. पाणी भरपूर पी. बैठ्या कामावर साधारण आठवड्याने जाता येते, पण भरलेली बादली, व्यायामशाळा आणि खड्ड्यांतून स्कूटर चार ते सहा आठवडे बंद, आणि त्यानंतरही सर्जनला विचारून. स्तन सुरुवातीला फार वर आणि ताठ दिसतील. ते बेतात बसायला तीन ते सहा महिने लागतात, तेव्हा दुसऱ्याच आठवड्यात आरशासमोर रडू नकोस. व्रण फिका व्हायला वर्ष जाते आणि आपल्याकडच्या त्वचेवर तो कधी जाड उठतो.

एक बाजू एकाएकी फुगून ताठरली, ताप आला, टाके लाल होऊन पू आला, पोटरी दुखू लागली किंवा धाप लागली, तर सकाळ होण्याची वाट न पाहता रुग्णालयात जायचे. तिथला रात्रीचा फोन नंबर आधीच लिहून घे. पुढे मॅमोग्राफीची (स्तनांच्या एक्स-रे तपासणीची) वेळ येईल तेव्हा इम्प्लांट आहे हे तंत्रज्ञाला आधी सांग. त्यासाठी वेगळ्या पद्धतीने जास्तीच्या प्रतिमा घेतात.

सर्जनने सुचवलेल्या इम्प्लांटची कंपनी, पृष्ठभाग आणि छेदाची जागा मला लिहून कळव; संमतिपत्राची प्रतही सहीपूर्वी घरी आणून वाच आणि मला पाठव. तारीख ठरली की पहिला आठवडा मी तुझ्याकडे बंगळुरूला येऊन राहीन. तुझ्या बाबांना काय आणि किती सांगायचे, ते तू ठरव. मी आपणहून काही बोलणार नाही.

तुझी,
आई