टाइप-सी पोर्टबाबत दिशाभूल करणारी जाहिरात: लॅपटॉप परत घेऊन पैसे मिळण्याबाबत

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

महोदय/महोदया,

माझा कराडला डीटीपीचा व्यवसाय आहे. लग्नपत्रिका, अहवाल, छोटी पुस्तकं अशी कामं असतात. एका पडद्यावर मजकूर आणि दुसऱ्यावर पान, अशा पद्धतीने काम चालतं. म्हणून आपल्या वेबसाइटवरची जाहिरात बघून हा लॅपटॉप घेतला. 'एकाच केबलवर सगळं' अशी ओळ, आणि खाली चित्रात लॅपटॉपच्या टाइप-सी पोर्टमधून एक केबल थेट मोठ्या मॉनिटरला गेलेली. त्या चित्राचा स्क्रीनशॉट सोबत जोडला आहे.

प्रत्यक्षात केबल लावली की मॉनिटरवर 'नो सिग्नल' येतं. चार्जिंगही होत नाही, त्यासाठी गोल पिनचा चार्जरच लागतो. तोच मॉनिटर, तीच केबल शेजारच्या दुकानदाराच्या लॅपटॉपला लावली तर चित्र लगेच येतं. म्हणजे केबलचा किंवा मॉनिटरचा दोष नाही.

आपल्या हेल्पलाइनने आधी ड्रायव्हर अपडेट करायला लावला, मग विंडोज नव्याने टाकायला. सर्व्हिस सेंटरमधल्या मुलाने टाइप-सीत पेन ड्राइव्ह घातला, त्यातला एक फोल्डर उघडून दाखवला आणि जॉबशीटवर 'पोर्ट ओके' असा शेरा मारून लॅपटॉप परत दिला. पेन ड्राइव्ह चालत नाही अशी माझी तक्रार कधीच नव्हती.

टाइप-सी हा फक्त तोंडाचा आकार आहे. त्यात २४ पिना असतात, पण त्यातून काय जाणार हे बनवणारा ठरवतो. चित्र जायचं असेल तर लॅपटॉपच्या ग्राफिक्सपासून त्या पोर्टपर्यंत डिस्प्लेपोर्टची जोडणी मदरबोर्डवरच असावी लागते. याला डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड म्हणतात. चार्जिंगसाठी पॉवर डिलिव्हरीची सोय वेगळी. या मॉडेलमध्ये दोन्ही नाहीत. भिंतीत नळ बसवला आणि मागे पाइपच टाकला नाही, तर तोटी कितीही फिरवली तरी पाणी यायचं नाही. मग ड्रायव्हर अपडेट करण्यात माझे कामाचे दिवस का घालवले?

माहितीपत्रकात '१ यूएसबी ३.२ जेन १ टाइप-सी' एवढंच छापलं आहे. जेन १ म्हणजे डेटाचा वेग, सेकंदाला ५ गिगाबिट. त्यावरून चित्राचं किंवा चार्जिंगचं काहीच कळत नाही. ते कळायला जाहिरातीतलं चित्रच होतं, आणि त्याखाली मुंगीच्या अक्षरात 'सुविधा मॉडेलनुसार बदलू शकतात'. हे मॉडेल विकायच्या पानावर दुसऱ्याच मॉडेलची सुविधा दाखवायची कशासाठी? पूर्वी मॉनिटरची निळी १५ पिनांची व्हीजीए पिन प्रिंटरच्या २५ पिनांच्या पोर्टात घालू म्हटलं तरी जात नसे. आकारावरूनच काम कळायचं. आता सगळ्यांचा आकार एकच, तेव्हा कंपनीने छापलेल्या शब्दावरच ग्राहकाची सगळी भिस्त असते.

'एचडीएमआय वापरा' असंही सुचवण्यात आलं. या लॅपटॉपचा एचडीएमआय पोर्ट १.४ आवृत्तीचा आहे. ४के मॉनिटरवर तो सेकंदाला ३० चित्रांच्या पुढे जात नाही. अक्षरांमधली जागा जुळवताना कर्सर हाताच्या मागे रेंगाळतो, दिवसभर असं काम होत नाही.

आणि कळस म्हणजे आपल्या प्रतिनिधीने आपलाच टाइप-सी डॉक (एका टाइप-सी पोर्टला लावून मॉनिटर, चार्जर वगैरे जोडायचा डबा) विकत घेण्याचा सल्ला दिला. त्या डॉकच्या खोक्यावर स्पष्ट लिहिलंय की लॅपटॉपमध्ये डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड असणं आवश्यक. म्हणजे या लॅपटॉपवर तो चित्र दाखवणारच नाही! विकणाऱ्याने निदान आपल्या मालाचं खोकं तरी वाचावं.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २(२८) नुसार महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणारी जाहिरात ही दिशाभूल करणारी जाहिरात ठरते. माझ्या मागण्या अशा:

लॅपटॉप परत घेऊन बिलाची पूर्ण रक्कम द्यावी, किंवा टाइप-सीवरून चित्र आणि चार्जिंग दोन्ही चालणारं मॉडेल जादा पैसे न घेता बदलून द्यावं. दुसरा पर्याय देत असाल तर माझ्या मॉनिटरवर चालवून दाखवल्याशिवाय मी ताबा घेणार नाही. तसंच वेबसाइटवरचं ते चित्र काढून, प्रत्येक पोर्टपुढे डेटा, चित्र आणि चार्जिंग यांपैकी काय चालतं ते साध्या भाषेत छापावं.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवून जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाईन. 'आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे' हा आपोआप येणारा मेल मी उत्तर धरणार नाही.

कळावे,
आपला ग्राहक
(सही)

सोबत: बिलाची प्रत, जाहिरातीचा स्क्रीनशॉट, जॉबशीटची प्रत, डॉकच्या खोक्याचा फोटो