लढाऊ रोबोवरची रोषणाई: वीज कुठून घेता ते महत्त्वाचे

मा. संपादक,
स. न.

महाविद्यालयांचे तंत्रमहोत्सव जवळ आले की नाशिकमध्ये घरोघरी, वसतिगृहांत आणि सातपूर-अंबडच्या वर्कशॉपमध्ये लढाऊ रोबो, म्हणजे रिंगणात एकमेकांशी झुंजणारे रिमोटवरचे रोबो, तयार होऊ लागतात. त्यांवर रंगीत एलईडी लावायची हौस मुलांना असतेच, आणि ती असावी. मागची बाजू वेगळ्या रंगात उजळली तर धुमश्चक्रीत रोबोचे तोंड कुठे आहे हे चालवणाऱ्याला पटकन कळते. मात्र चुकीच्या जागी जोडलेली एक मीटरभर एलईडी पट्टी चांगला रोबो बंद पाडू शकते.

बाजारात सहज मिळते ती १२ व्होल्टची पट्टी. तीन सेलची लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी पूर्ण चार्ज असताना १२.६ व्होल्ट देते, तिथे ही पट्टी नीट चालते. चार सेलची लिपो १६.८ व्होल्ट देते, तिथे ती थेट जोडू नये. या पट्टीत तीन-तीन एलईडी एका रेझिस्टरसोबत ओळीने जोडलेले असतात. पांढरे तीन एलईडी मिळून साधारण साडेनऊ व्होल्ट घेतात आणि उरलेला भार रेझिस्टरवर पडतो. १२ व्होल्टला तो अडीच व्होल्ट असतो, १६.८ ला सात. प्रवाह अडीच-तीनपट होतो, उष्णता त्याहून कितीतरी जास्त, आणि पट्टी आधी पिवळी पडते, मग जळते. अशा वेळी मध्ये व्होल्टेज कमी करणारा बक कन्व्हर्टर घालावा. त्याचा व्होल्टेज लावायचा छोटा स्क्रू धक्क्यांनी फिरतो, म्हणून १२ व्होल्ट मोजून झाले की त्यावर नेलपॉलिशचा थेंब टाकावा आणि अख्खे मॉड्यूल हीट श्रिंकमध्ये (तापवल्यावर आवळणाऱ्या नळीत) घालावे.

सर्वांत घातक सवय म्हणजे रिमोटचे संकेत घेणाऱ्या रिसीव्हरला वीज देणाऱ्या ईएससीच्या (मोटरचा वेग ठरवणाऱ्या सर्किटच्या) ५ व्होल्ट लाइनवरून रंग बदलणारे एलईडी चालवणे. यातला एक एलईडी पूर्ण पांढरा पेटला की ६० मिलीअँपिअरपर्यंत घेतो. वीस लावले तर १.२ अँपिअर. व्होल्टेज खाली बसतो, रिसीव्हर रीसेट होतो आणि रोबो रिंगणात मध्येच निपचित पडतो. मग दोष रिमोटला दिला जातो. दिव्यांची शाखा वेगळीच हवी: मुख्य लिंकच्या (काढली की रोबोची वीज तोडणाऱ्या जोडणीच्या) पुढून, म्हणजे बॅटरीच्या नव्हे तर रोबोच्या बाजूने घेतलेली, सुरुवातीलाच १ अँपिअरचा फ्यूज असलेली. मीटरला १४.४ वॅटची पट्टी अर्धा मीटर लावली तर प्रवाह ०.६ अँपिअर होतो, म्हणजे हा फ्यूज पुरतो. बॅटरीच्या बॅलन्स लीडमधून (प्रत्येक सेलला जोडलेल्या बारीक वायरींतून) वीज घेऊ नये; एखाददुसऱ्या सेलवरूनच ती ओढली तर सेल असमान उतरतात.

पट्टीमागचा चिकट टेप पहिल्या टकरीतच सुटतो. पट्टी कापायच्या खुणेवरच कापावी आणि सिलिकॉन इन्सुलेशनची मऊ वायर डाख देऊन जोडावी. वायर तुटते ती नेमकी डाखाच्या कडेला, कारण तिथे ती कडक झालेली असते. म्हणून डाखापासून बोटभर अंतरावर ती चौकटीला प्लॅस्टिकच्या टायने बांधावी. पट्टी आत, पॉलीकार्बोनेटच्या मागे बसवावी. अ‍ॅक्रिलिक नको, ते तडकून उडते. पॉलीकार्बोनेटजवळ थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा द्रव) किंवा फेव्हिक्विकही नको, त्याने चिरा पडतात. फिरत्या ड्रमवर किंवा पात्यावर काहीही चिकटवू नये. तोल जातो आणि तुकडे भिरकावले जातात.

आयोजकांना विनंती आहे. रोबो चालू असल्याचा सूचक दिवा सजावटीहून वेगळ्या रंगाचा, न लुकलुकणारा आणि रोबो उलटला तरी दिसेल असा असावा. तांत्रिक तपासणीत लिंक काढून पाहावी. ईएससीच्या कपॅसिटरमुळे दिवा क्षण-दोन क्षण रेंगाळला तर चालेल, पण पेटलेलाच राहिला तर पट्टी थेट बॅटरीवर आहे. तसा रोबो दुरुस्तीसाठी परत पाठवावा.

लढाऊ रोबो बांधणारे काही वाचक,
नाशिक