ते सभागृह गाणाऱ्यांनी बांधले

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवार पुरवणीत बार्सिलोनाच्या 'पालाउ दे ला मुझिका' या संगीत सभागृहावर आलेला लेख वाचला. छतातून खाली झुकलेल्या रंगीत काचांच्या घुमटाचे वर्णन सुरेखच आहे. मात्र ही वास्तू 'शहराने उभारली' असे त्यात म्हटले आहे, ते बरोबर नाही. मुलगी तिकडे नोकरीला असल्याने माझे जाणे-येणे असते. शिवाय उभी हयात सहकारी बँकेत हिशेब तपासण्यात गेली. त्यामुळे कुठलीही इमारत पाहिली की पैसा कुणाचा, हा प्रश्न आधी पडतो.

ही इमारत 'ऑर्फेओ कातालां' या गायकवृंदाची. ल्युईस मिल्येत आणि अमादेउ विवेस या दोन तरुण संगीतकारांनी तो १८९१ मध्ये सुरू केला. हक्काची जागा हवी म्हणून सभासदांनी पैसे उभे केले, शहरातल्या धनिक कारखानदारांनीही हात सैल सोडला. २३ एप्रिल १९०५ रोजी पायाभरणी झाली आणि ९ फेब्रुवारी १९०८ रोजी उद्घाटन. वास्तुकार दोमेनेक इ मुंतानेर यांच्या वाट्याला जागा आली ती एका अरुंद गल्लीतली. दर्शनी भाग नीट बघायला मागे सरकावे, तर पाठ समोरच्या भिंतीला लागते. जुनी तिकीटखिडकी चक्क एका जाडजूड खांबाच्या पोटात आहे. बाहेरून चिनीमातीच्या तुकड्यांची नक्षी, मधे छोटीशी खिडकी. रंगमंचाच्या एका बाजूला बेथोव्हेन, दुसऱ्या बाजूला आन्सेल्म क्लावे. हा क्लावे म्हणजे एकोणिसाव्या शतकात कामगारांना गायला शिकवून त्यांचे वृंद उभारणारा माणूस. त्याला बेथोव्हेनच्या पंक्तीला बसवणे कुठल्या नगरपालिकेला सुचले असते का?

लेखात १९६० चाही उल्लेख नाही. त्या वर्षी १९ मे रोजी कवी जुआन माराग्याल यांच्या जन्मशताब्दीचा कार्यक्रम इथे होता. माराग्यालांचे शब्द आणि मिल्येतची चाल असलेले वृंदाचे गीत स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या सरकारने कार्यक्रमातून वगळायला लावले. मंत्री समोर बसलेले असताना श्रोत्यांतलेच काही जण उभे राहून ते गाऊ लागले. पोलिसांनी झोडपले, धरपकड केली. या निषेधामागचे तरुण कार्यकर्ते जोर्दी पुजोल तर त्या रात्री सभागृहात नव्हतेच. तरी त्यांना सात वर्षांची शिक्षा ठोठावली गेली. पुढे १९८० ते २००३ या काळात ते कातालोनियाचे, म्हणजे बार्सिलोना ज्यात येते त्या स्पेनमधल्या प्रांताच्या सरकारचे प्रमुख होते.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. जुलै २००९ मध्ये पोलीस पुन्हा आत शिरले, या वेळी कागदपत्रांसाठी. सभागृहाचे अध्यक्ष होते फेलिक्स मिल्येत, म्हणजे संस्थापकाच्या पुतण्याचा मुलगा. कर खात्याला धागा सापडला होता तो ५०० युरोच्या नोटांवरून. मुलीच्या लग्नाचा खर्च या गृहस्थाने सभागृहाच्या खात्यावर टाकला आणि वर व्याह्यांकडून निम्मे पैसे वसूल केले! २०१८ मध्ये नऊ वर्षे आठ महिन्यांची शिक्षा झाली. अपहार दोन कोटी युरोंच्या वरचा. पुजोल यांच्याच पक्षाला एका बांधकाम कंपनीचे कमिशन याच खात्यांतून पोहोचत होते, असेही न्यायालयाने म्हटले. केंद्र, प्रांत आणि नगरपालिका असे तिघेही सभागृहाच्या कारभारात होते, हे विशेष. माझा अनुभव सांगतो, सह्या करणारे वाढले की वाचणारे घटतात.

घुमटाला पूर्ण पान दिलेत, तर या इतिहासाला दोन रकाने द्यायला हरकत नव्हती. लेखमाला पुढे चालणार असेल, तर त्याच शहरातल्या ग्रासिया भागातली सहकारी संस्थेची जुनी इमारतही घ्यावी. 'तिआत्रे ल्यिउरे' ही नाटकमंडळी १९७६ मध्ये तिथेच सुरू झाली. नाटके अजून होतात, आणि पर्यटकांची रांग नसते.

आपला,
एक निवृत्त हिशेब तपासनीस, मिरज